'डिसेंट' : एक शब्द आणि त्याचे सोबती

विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे इंग्रजीविषयी काहीतरी लिहा, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस सांगितले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याने बँकेतील कारकून. इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. तरीपण गेली काही वर्षे दर रविवारी संस्थेच्या अभ्यासिकेत मुलामुलींच्या शंकांना जमतील तशी उत्तरे देत आलो आहोत, म्हणून नाही म्हणता आले नाही. शंभर शब्दांची यादी देण्यापेक्षा एकच शब्द घ्यावा व तो मुळापासून समजून घ्यावा, असे ठरविले. तो शब्द 'डिसेंट'. हाच का, ते आधी सांगतो. त्यात आमच्याही एका चुकीची कबुली आहे.

मागील सर्वसाधारण सभेत अभ्यासिका रात्री अकराऐवजी नऊ वाजता बंद करण्याचा ठराव आला. वीजबिल वाढले होते आणि शेजाऱ्यांची थोडी कुरबूरही होती. आमच्या लहानपणी खराडी हे नगर रस्त्यालगतचे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत आले आणि पुढे ज्वारीच्या रानात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका इमारतीत दिवसा काम करून रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्या वस्तीतील एक मुलगी सभेत उठून उभी राहिली. "नऊला दार लावले तर माझ्यासारख्यांनी बसायचे कुठे?" एवढेच ती म्हणाली. कोणीतरी "बस गं पोरी, मोठी माणसे बोलताहेत" असे म्हटले. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही नेहमीच्या सवयीने लिहिले, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

पुढच्याच रविवारी ती मुलगी वही घेऊन आली. "काका, पुस्तकात 'नोट ऑफ डिसेंट' असा शब्द आलाय. शब्दकोशात डिसेंट म्हणजे मतभेद असे दिले आहे. मतभेदाची नोट म्हणजे काय?" आम्ही अर्थ सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. जो अर्थ तिला समजावीत होतो, तोच आम्ही आठवड्यापूर्वी तिच्या बाबतीत पुसून टाकला होता.

शब्दाची ओळख

प्रथम स्पेलिंग. डी, आय, दोन एस, ई, एन, टी. दोन एस विसरू नयेत. याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, त्यात डी, ई, एस, सी, ई, एन, टी अशी अक्षरे येतात. त्याचा अर्थ उतरणे किंवा वंश. 'ऑफ इंडियन डिसेंट' म्हणजे भारतीय वंशाचा. तेथे मतभेदाचा संबंध नाही. तिसरा शब्द 'डीसन्ट', म्हणजे सभ्य. त्यात जोर पहिल्या अक्षरावर येतो, आपल्या शब्दात तो शेवटच्या भागावर येतो. परीक्षेत या तिघांची अदलाबदल करून पुष्कळ मुले गुण घालवितात.

आता कूळ. लॅटिन भाषेत 'सेंटिरे' असे क्रियापद आहे, त्याचा अर्थ वाटणे. त्यापासून तीन भावंडे झाली. 'कन्सेंट' म्हणजे सर्वांसोबत तसेच वाटणे, अर्थात संमती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात ज्या कागदावर सही घेतात तो कन्सेंटचा. 'असेंट' म्हणजे मांडलेल्या गोष्टीला होकार. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राष्ट्रपती अनुमती देतात, त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १११ मध्ये हाच शब्द आहे. आणि 'डिसेंट' म्हणजे वेगळे वाटणे. 'कन्सेन्सस' हेही त्याच घरातले. म्हणून त्याच्या मध्यभागी सी नसून एस असतो. भावंडे एकत्र लक्षात ठेवली की एकाचा अर्थ दुसऱ्यावरून उमगतो.

शब्दांची सोयरीक

कोणत्याही भाषेत शब्द एकटे राहत नाहीत. त्यांचे ठरलेले सोबती असतात. मराठीत आपण हप्ता भरतो, कर्ज फेडतो आणि चेक वटतो. चेक 'शिजला' असे कोणी म्हणत नाही. 'मत' या शब्दाचेच पाहा. मत देणे म्हणजे मतदान, मत मांडणे म्हणजे बोलून दाखविणे आणि मत नोंदविणे म्हणजे कागदावर आणणे. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. इंग्रजीतही तसेच आहे. शब्दकोशातून सुटा शब्द उचलला आणि मराठी वाक्यात बसवावा तसा इंग्रजी वाक्यात बसविला, की चूक होते.

अभ्यासिकेत हमखास आढळणारी चूक म्हणजे 'आय ॲम डिसेंट विथ यू'. यात दोन दोष आहेत. डिसेंट हे विशेषण नाही, त्यामुळे 'ॲम' नको. दुसरे असे की त्याच्यामागे 'विथ' येत नाही, 'फ्रॉम' येते. 'आय डिसेंट फ्रॉम धिस डिसिजन', म्हणजे या निर्णयाशी मी सहमत नाही. माणसाशी मतभेद सांगायचा तर 'डिसग्री विथ' वापरावे, 'आय डिसग्री विथ यू'. आमच्या मते हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. डिसेंट हे बहुधा निर्णयापासून, ठरावापासून, बहुमतापासून वेगळे होणे असते, समोरच्या माणसापासून नव्हे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ मध्ये संचालक मंडळाच्या इतिवृत्तात काय असावे ते सांगितले आहे. ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे त्यात असलीच पाहिजेत, असे तेथे म्हटले असून शब्द 'डिसेंटिंग फ्रॉम' असेच आहेत.

आता क्रियापदे पाहू. मतभेद बोलून दाखविणे यासाठी 'एक्स्प्रेस डिसेंट' किंवा 'व्हॉइस डिसेंट' म्हणतात. कागदावर आणणे यासाठी 'रेकॉर्ड' किंवा 'रजिस्टर' हे क्रियापद लागते. 'शी रेकॉर्डेड हर डिसेंट', म्हणजे तिने आपले भिन्नमत नोंदविले. 'गिव्ह डिसेंट' किंवा 'डू डिसेंट' असे म्हणत नाहीत. सत्ताधारी मतभेदाचे काय करतात हे सांगणारी क्रियापदे वेगळी आहेत. 'सप्रेस' म्हणजे दडपणे, 'स्टायफल' म्हणजे श्वास कोंडून मारणे, 'सायलेन्स' म्हणजे तोंड बंद करणे आणि 'टॉलरेट' म्हणजे खपवून घेणे. या शब्दाला इतकी दडपणारी क्रियापदे चिकटलेली आहेत, यावरून त्याच्या नशिबी काय येत असते ते ध्यानात येईल.

विशेषणे व इतर जोड्याही माहीत असाव्यात. 'डिसेंटिंग व्हॉइस' म्हणजे विरोधी सूर. 'लोन डिसेंटर' म्हणजे एकटा भिन्न मताचा माणूस. 'पोलिटिकल डिसेंट' म्हणजे राजकीय मतभेद. 'विदाउट डिसेंट' म्हणजे एकाही विरोधाशिवाय, आपल्या भाषेत सर्वानुमते. न्यायाधीशाने बहुमताहून वेगळा निकाल लिहिला तर त्या निकालालाच 'अ डिसेंट' म्हणतात, एरवी या नामामागे 'अ' लावीत नाहीत. 'नोट ऑफ डिसेंट' किंवा 'मिनिट ऑफ डिसेंट' म्हणजे समितीच्या अहवालाला जोडलेले सभासदाचे वेगळे मत. मराठीत त्यास भिन्नमतपत्रिका म्हणतात. येथे 'मिनिट' म्हणजे साठ सेकंद नव्हे, टिपण.

इंग्लंडच्या इतिहासात 'डिसेंटर' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तेथील राजमान्य चर्चपासून वेगळे झालेल्या ख्रिस्ती पंथीयांना तो शब्द लावीत. १८०५ साली श्रीरामपूरहून मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी हे बाप्टिस्ट, म्हणजे असेच एक डिसेंटर होते.

पुणे नगरपालिकेतील एक हात

हा शब्द पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच शहरातील उदाहरण घेऊ. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळात व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठराव संमत झाला आणि विरोध करणारे जोतीराव एकटे राहिले. इंग्रजीत हे सांगायचे तर 'ही वॉज द लोन डिसेंटिंग व्हॉइस' असे वाक्य होईल. ठराव काही थांबला नाही. परंतु त्या सभेचे आज कोणाला काही आठवत असेल, तर ते एकट्याचे मत आठवते.

याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यास मात्र डिसेंट म्हणता येणार नाही. ते आयोगाचे सभासद नव्हते. बाहेरून त्यांनी आपली बाजू मांडली. त्यास 'मेमोरियल' किंवा 'रिप्रेझेंटेशन' म्हणावे. सभेत व समितीत जेव्हा हा शब्द येतो, तेव्हा त्याचा बोलणारा त्या मंडळाच्या आतला असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनावर ठसवावी.

बाबासाहेबांचा स्वतंत्र अहवाल

दुसरे उदाहरण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाने १९२८ साली जी समिती नेमली, तिच्यावर बाबासाहेब होते. समितीचा अहवाल तयार झाला. बाबासाहेबांना तो मान्य झाला नाही. त्यांनी रागाने समिती सोडली नाही आणि गुपचूप सहीही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'लेखन आणि भाषणे' या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात तो आजही वाचावयास मिळतो. प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मताधिकार असावा, असे त्यांनी त्यात मांडले. सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा काढण्यास त्यांचा विरोध होता. प्रत्येक मुद्द्यामागे कारण दिलेले आहे.

पुढे काय झाले? १९३६ साली सिंध वेगळा झाला, म्हणजे त्या बाबतीत त्यांचे चालले नाही. प्रौढ मताधिकार मात्र संविधानाने दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत झोपडीतल्या माणसानेही मत टाकले. भिन्नमत लिहिणाऱ्याचे सगळेच खरे ठरते असे नाही. पण ते लिहिलेले असते म्हणून पुढच्या पिढीला तपासून पाहता येते.

राजीनामा ही त्याहून वेगळी गोष्ट. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे त्याचे एक मोठे कारण होते. तेथे त्यांनी मंडळच सोडले. इंग्रजीत त्यास 'रिझाइन इन प्रोटेस्ट' म्हणता येईल, 'नोट ऑफ डिसेंट' म्हणता येणार नाही.

न्यायालयातील भिन्नमत

आपल्या संविधानातही हा शब्द आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. अनुच्छेद १४५ च्या पाचव्या खंडात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बहुमताने होईल असे सांगून, सहमत नसलेल्या न्यायाधीशाला आपला भिन्नमताचा निकाल देण्यास आडकाठी नाही, असे स्पष्ट केले आहे. तेथील शब्द 'डिसेंटिंग जजमेंट' असे आहेत.

याचे मोल २८ एप्रिल १९७६ रोजी दिसले. आणीबाणी चालू होती. अटकेत असलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून न्यायालयात दाद मागता येईल काय, असा प्रश्न जबलपूरच्या खटल्यात होता. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नाही म्हटले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हेही होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने वेगळा निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चौघांचा तो निकाल चुकीचा ठरविला. त्या पीठात यशवंतरावांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते आणि वडिलांचा निकाल चुकीचा होता हे त्यांनीच लिहिले. एका डिसेंटला न्याय मिळण्यास एक्केचाळीस वर्षे लागली.

संघातील रीत

ही पद्धत केवळ इंग्रजांनी आणली असे समजू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खुसंघाचा दाखला दिला होता. ठराव, गणसंख्या, मतमोजणी व गुप्त मतदान यांचे नियम संघाला माहीत होते, असे त्यांनी सांगितले. विनयात ठरावाला 'ञत्ति' म्हणतात. ठराव मांडणारा भिक्खू संघाला सांगतो की ज्यांना मान्य आहे त्यांनी मौन राखावे आणि ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे. महत्त्वाच्या कामात ही विचारणा तीन वेळा होते. मत घेण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या वाटीत.

यातील मर्म असे की मौन म्हणजे होकार धरला जात असल्यामुळे असहमत माणसाला बोलण्याची संधी मुद्दाम, पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आपल्या सभांत काय होते? "मंजूर?" असे विचारणारा स्वतःच "मंजूर!" म्हणून पुढचा विषय घेतो. तीनदा सोडा, एकदाही थांबत नाही.

मात्र डिसेंट आणि कलह यांत अंतर आहे, हेही संघाच्याच इतिहासात दिसते. कोसंबीच्या भिक्खूंचा वाद एका क्षुल्लक गोष्टीवरून निघाला आणि विकोपाला गेला. तथागतांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा भगवान त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. तेथे मुद्दा मागे पडला होता, माणसांवरचा राग तेवढा उरला होता. संसदेच्या नियमांतही भिन्नमतपत्रिकेची भाषा संयमी व शिष्टसंमत असावी आणि तिच्यात समितीवर दोषारोप नसावेत, असे बंधन घातले आहे.

भिन्नमत कसे लिहावे

विद्यार्थ्यांना व संस्थेच्या सभासदांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. प्रथम कोणत्या ठरावाशी आपण असहमत आहोत ते तारखेसह लिहावे. ठरावाचा जो भाग मान्य असेल तो मान्य आहे असे म्हणावे. मग कारणे द्यावीत, आकडे असल्यास आकडे द्यावेत. त्याऐवजी काय करावे हेही सुचवावे. कोणाच्या हेतूविषयी लिहू नये. शेवटी नाव व सही असावी, कारण निनावी चिठ्ठीला डिसेंट म्हणत नाहीत. इंग्रजीत प्रारंभ करावयाचा तर 'आय विश टू रेकॉर्ड माय डिसेंट फ्रॉम द रेझोल्यूशन' हे वाक्य पुरेसे आहे.

आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी तीन शब्द वेगळे ठेवावेत. सर्वांनी होकार दिला तर 'सर्वानुमते'. काहींनी विरोध केला तर 'बहुमताने', आणि विरोध करणाऱ्यांची नावे. जे कोणत्याच बाजूला गेले नाहीत ते 'तटस्थ'. बँकेत दिवसअखेर एक रुपयाचा फरक पडला तरी आम्ही तो सापडेपर्यंत उठत नाही. सभेच्या वहीत मात्र एक अख्खा माणूस कमी पडला आणि आम्ही वही मिटून घरी गेलो.

त्या रविवारी आम्ही ही चूक तिच्याजवळ कबूल केली आणि तिला अर्धे पान लिहून आणावयास सांगितले. तिने ते मराठीतच आणले. वीजबिलाच्या प्रश्नावर तिने असे सुचविले होते की नऊनंतर एकच खोली चालू ठेवावी आणि रात्री बसणाऱ्यांनी महिन्याला थोडी वर्गणी द्यावी. पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचले गेले तेव्हा आम्ही उभे राहून दुरुस्ती मागितली. दोघा ज्येष्ठांना ते रुचले नाही. "एवढ्याशा गोष्टीने संस्थेत दुफळी दिसेल," असे ते म्हणाले. त्यांचे हे मतही आम्ही त्याच वहीत नोंदविले. 'सर्वानुमते' हा शब्द खोडून 'बहुमताने' असे लिहिले, तिचे नाव घातले आणि तिचा कागद त्या पानाला डकविला.

हा लेख लिहीपर्यंत अभ्यासिका नऊलाच बंद होत आहे. ठराव ठराव आहे, तो पाळला पाहिजे, आणि ती मुलगीही नऊच्या ठोक्याला पुस्तके आवरून उठते. पण वेळेचा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकावर घेतला आहे. सर्व सभासदांनी त्या सभेस यावे. ठराव मान्य असेल त्यांनीही यावे, नसेल त्यांनी कारणे लिहून आणावीत. अध्यक्षांना आमची विनंती आहे की, "कोणाला काही म्हणायचे आहे काय?" असे त्यांनी तीनदा विचारावे.

सर्वांस सप्रेम जयभीम.